मोफत उपचार जाहीर झाले, इमारतही उभी राहिली; मग आरोग्य उपकेंद्र सुरू का होत नाही?

पूर्वभागकर (जत तालुका, जि. सांगली)

सर्व सभासदांना नमस्कार.

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत बांधून पूर्ण झाली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. पिवळ्या भिंतीवर आयुष्मान आरोग्य मंदिरात (अशा उपकेंद्राचे नवे सरकारी नाव) मिळणाऱ्या सेवांची यादी ठसठशीत अक्षरांत रंगवलेली आहे. मधुमेह व रक्तदाबाची तपासणी, गरोदर मातांची नोंदणी, मुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी असे सर्व काही तिच्यात आहे. प्रत्यक्षात मात्र दाराला कुलूप आहे, विजेच्या पेटीत मीटरच नाही आणि व्हरांड्यात शेजारच्या शेतकऱ्याने कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या आहेत. (त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कोरडी जागा रिकामी पडली तर कोणीही वापरेल.) शेजारच्या गावच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका लसीकरणाच्या दिवशी येतात, अंगणवाडीच्या खोलीत बसतात आणि काम उरकून पुढच्या वस्तीवर जातात.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले आणि ग्रामसभेतही ऐकले. माझ्या आईला मधुमेह आणि रक्तदाब असे दोन्ही विकार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र दूर असल्यामुळे तिला वडापने (प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी जीपने) जावे लागते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती तिथे पोहोचेपर्यंत सकाळची बाह्यरुग्ण तपासणी संपत आलेली असते. तिथले डॉक्टर मनापासून तपासतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण औषधांच्या खिडकीवर गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून आठवड्यापुरत्याच गोळ्या हातावर पडतात आणि दुसऱ्या गोळीसाठी ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी मिळते. केसपेपरचे पैसे वाचले, हे खरे आहे. मात्र वडापचे भाडे, बुडालेला रोजगार आणि बाहेरून घेतलेली गोळी यांचा हिशेब मांडला, तर गावात येणाऱ्या खासगी डॉक्टरकडे जाणे स्वस्त पडते, असे आई म्हणते आणि मला तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

सरपंचांना विचारले असता, “कार्ड काढले आहे ना, मग पाच लाखांपर्यंत सगळे मोफतच आहे,” असे उत्तर मिळाले. तालुक्याच्या कार्यालयात “वर प्रस्ताव गेला आहे” असे सांगतात. हा ‘वर’ नेमका कुठे आहे, विलंब कोणत्या टप्प्यावर होतो आणि आम्ही कोणाकडे काय मागावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त आरोग्य सहायक (तासगाव)

पूर्वभागकर, माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात गेली असल्याने आपण वर्णिलेली परिस्थिती मला नवी नाही.

आधी कार्डाविषयी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, यादीत समाविष्ट असलेल्या उपचारांसाठी आहे. दररोजच्या रक्तदाबाच्या गोळीला त्या कार्डाचा काहीही उपयोग नाही. ही गल्लत सरपंचच काय, शिकलेली माणसेही करतात, आणि तिच्यामुळे प्राथमिक सेवेचा प्रश्न कार्ड वाटून मिटला असा समज पसरतो.

आता उपकेंद्राविषयी. आपल्याला एकच इमारत दिसते, परंतु शासनाच्या दप्तरी तिच्या निदान तीन स्वतंत्र फायली असतात आणि त्या तिन्ही एकमेकींची वाट पाहत बसतात.

पहिली फाईल मंजुरीची. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. राज्यात कोणत्या गावी नवी संस्था द्यायची, याचा जोडबृहत आराखडा जानेवारी २०१३ मध्ये मंजूर झाला आणि त्याला आधार २००१ च्या जनगणनेचा होता. म्हणजे २०११ ची गणना होऊन गेल्यावरही आपला हक्क त्याआधीच्या डोकेमोजणीवर ठरला. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही.

दुसरी फाईल बांधकामाची. जागा ग्रामपंचायतीने द्यायची, पैसा जिल्हा नियोजन समितीकडून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून किंवा वित्त आयोगाच्या अनुदानातून यायचा आणि काम बांधकाम विभागाने करायचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरिता देशभरात मिळून ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती आणि उपकेंद्रांच्या इमारती हा त्यातला एक ठळक भाग होता. पैशाला मुदत असली की इमारत लवकर उभी राहते, कारण निधी परत जाऊ नये याची सर्वांनाच घाई असते. मीटरला मात्र अशी मुदत नसते. वीजजोडणीची अनामत कोणी भरायची, ठेकेदाराने की ग्रामपंचायतीने, यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो, आणि जोडणी नसेल तर आरोग्य विभाग इमारत ताब्यात घेण्यास राजी नसतो.

तिसरी फाईल पदांची, आणि खरे दुखणे तिथेच आहे. बांधकाम बहुतांशी झाल्याशिवाय पदनिर्मितीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, अशी रीत आहे. तो प्रस्ताव जिल्ह्याकडून मंत्रालयात जातो, वित्त विभागाची तपासणी होते आणि उच्चस्तरीय सचिव समितीच्या मान्यतेनंतर पदे निर्माण होतात. पदे निर्माण झाली म्हणजे माणसे आली, असेही नव्हे. जिल्हा परिषदांच्या गट-क पदांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली होती. ती भरती वर्षानुवर्षे रेंगाळून अखेर रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्याने जाहिरात काढावी लागली. त्या पदांत आरोग्यसेविका होत्या, आरोग्यसेवक होते, औषध निर्माण अधिकारीही होते. मोफत उपचारांची घोषणा ज्या महिन्यात अमलात आली, त्याच महिन्यात ते उपचार देणाऱ्या माणसांची जाहिरात दुसऱ्यांदा निघत होती. यापलीकडे आपल्या प्रश्नाचे वेगळे उत्तर मला तरी देता येणार नाही.

राहता राहिले समुदाय आरोग्य अधिकारी. आयुष्मान आरोग्य मंदिराचा सगळा डोलारा त्या एका माणसावर उभा आहे. बीएएमएस किंवा परिचर्या पदवीधर असलेल्या या अधिकाऱ्यास आपल्या राज्यात २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार कमाल १५,००० रुपये मिळतात, आणि नेमणूक कंत्राटी असते. तालुक्याच्या टोकाच्या गावात बिनविजेच्या इमारतीत त्याने कामगिरी दाखवायची तरी कशी? तो बदली मागतो किंवा नोकरी सोडतो, आणि ‘पद रिक्त’ असा शेरा पुन्हा सुरू होतो.

औषधभांडार (सातारा)

आपल्या मातोश्रींच्या कापलेल्या गोळ्यांच्या पट्टीविषयी लिहितो. औषध निर्माण अधिकारी म्हणून मी स्वतः कात्री चालवली आहे.

औषधे नाहीत म्हटले की कोणीतरी खाल्ली, असे लोक सर्रास गृहीत धरतात. अफरातफर कुठे होतच नसेल असा माझा दावा नाही. परंतु बहुतेक तुटवडा मागणीच्या पद्धतीतून निर्माण होतो. आरोग्य केंद्राने पुढील वर्षाची मागणी नोंदवताना मागील वर्षाचा वापर आधार धरला जातो. समजा, रक्तदाबाची गोळी मागील वर्षी चार महिने उपलब्धच नव्हती, तर नोंदवहीत त्या चार महिन्यांचा वापर शून्य दिसतो. वर्षाचा वापर कमी भरतो, म्हणून पुढच्या वर्षाची मागणीही कमी मंजूर होते आणि गोळी याही वर्षी संपते. दुसरीकडे गावोगावच्या तपासणी मोहिमांतून रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे नवे रुग्ण सापडत राहतात. शोधलेल्या रुग्णांची संख्या एका अहवालात चढत जाते, गोळ्यांची मागणी दुसऱ्याच अहवालात जागच्या जागी राहते, आणि हे दोन अहवाल समोरासमोर ठेवण्याचे काम नेमून दिलेला माणूस मला माझ्या नोकरीत भेटलेला नाही.

खरेदीची व्यवस्थाही मध्यंतरी स्थिर नव्हती. २०१७ पासून राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आणि काम तिकडे वळले. व्यवस्था बदलते तेव्हा निविदा, दरकरार आणि पुरवठादार यांची घडी पुन्हा बसेपर्यंत खालच्या केंद्राला स्थानिक खरेदीवर दिवस काढावे लागतात. स्थानिक खरेदीला मर्यादा असते आणि पूर्वी केसपेपरपोटी जमणारी किरकोळ रक्कम संस्थेच्याच अशा अडीनडीला उपयोगी पडत असे. शुल्क माफ करणे योग्यच होते. पण ती चिल्लर बंद झाल्यावर तिच्या जागी तितकीच सहज हाताशी येणारी रक्कम वेळेवर मिळाली पाहिजे, याचा विचार घोषणेच्या दिवशी कोणी केला असावा, असे खिडकीच्या आतून तरी जाणवले नाही.

आपण एक करू शकता. औषध शिल्लक नसेल तर बाहेरची वेगळी चिठ्ठी न घेता केसपेपरवरच ‘औषध उपलब्ध नाही’ असे लिहून मागावे. कर्मचारी कुरकुर करतील, परंतु भांडू नये, शांतपणे मागावे. ती नोंद झाली की न मिळालेल्या औषधाचीही मागणी कागदावर येते आणि माझ्यासारख्याला वरिष्ठांपुढे ठेवायला आधार मिळतो. साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत असते, त्यामुळे कोणते औषध कोणत्या तारखेला शून्यावर आले, हे लपत नाही.

कोयनाकाठ (पाटण तालुका, जि. सातारा)

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी मला त्यांत एक गोष्ट खटकते. आपण सगळे असे धरून चाललो आहोत की निकष बरोबर आहे आणि केवळ अंमलबजावणीस उशीर होतो. आमच्या सह्याद्रीच्या बाजूला निकषच आडवा येतो. ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे डोंगराळ भागासाठीचे सवलतीचे प्रमाण आहे, परंतु कोयनेच्या जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात किंवा पाटणच्या माथ्यावरच्या वाड्यांत ३,००० माणसे गोळा करायची तर किती डोंगर ओलांडावे लागतील, याचा विचार त्या आकड्यात नाही. शिवसागराच्या, म्हणजे याच जलाशयाच्या, पाण्यामुळे पलीकडच्या गावांना लाँचशिवाय जवळचा मार्ग नाही. पावसाळ्यात लाँच बंद, रस्ता खचलेला आणि मोबाईलला रेंज नाही, अशी अवस्था होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात दरडी कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा बचाव पथकांनाही वाट सापडत नव्हती. तिथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, हे सांगून काय उपयोग? वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला आजही डोली करून आणावे लागते.

ई-संजीवनीवरून दूरस्थ सल्ला मिळेल, असे सांगितले जाते. कल्पना उत्तम आहे, फक्त तिला रेंज लागते.

त्यामुळे पूर्वभागकरांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. त्यांच्या गावाला निदान इमारत मंजूर झाली, कारण त्यांचे गाव आकड्यात बसले. आमच्या वाड्या कोणत्याच यादीत ‘प्रलंबित’ नाहीत, कारण त्या मुळात पात्रच ठरत नाहीत. त्यांच्या बाबतीत विलंब मोजायचा कुठून? माझ्या मते अशा ठिकाणी इमारतीचा आग्रह सोडून, ठरलेल्या वारी हमखास येणारे फिरते वैद्यकीय पथक आणि वाडीवरच्या आशाताईकडे महिन्याचा औषधसाठा, एवढेच मागावे. त्याला पदनिर्मिती लागत नाही.

निवृत्त आरोग्य सहायक (तासगाव)

कोयनाकाठ, फिरत्या पथकाविषयी सहमत आहे, पण ‘पदनिर्मिती लागत नाही’ हे आपण फार हलकेच लिहिले आहे. पथकाला डॉक्टर लागतो, वाहनचालक लागतो, इंधनाचे देयक वेळेवर लागते. ही माणसे बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर घेतलेली असतात. त्या अभियानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात, आणि दोघांपैकी एकाचा हप्ता लांबला की मानधन लांबते. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा (नियमित सेवेत सामावून घेण्याचा) निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना राज्यभर संपावर जावे लागले. आशाताईंवर महिन्याचा औषधसाठा टाकणेही तितके सोपे नाही. रक्तदाब वाढला की घटला हे न मोजता गोळ्या देत राहणे धोक्याचे असते. मोजमाप आणि गोळी एकाच हाताने व्हायला हवी.

पूर्वभागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या उत्तरांनंतर ग्रामसेवकांकडे इमारतीची कागदपत्रे पाहिली. जागेचे पत्र आहे, काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे, मात्र इमारत आरोग्य विभागाने ताब्यात घेतल्याचे पत्र फाईलला नाही. पदांविषयी ग्रामपंचायतीकडे एकही कागद नाही. वीजजोडणीच्या अर्जाची पोच आहे, परंतु अनामत भरल्याची पावती नाही. म्हणजे ‘वर प्रस्ताव गेला आहे’ हे उत्तर एका फाईलपुरते खरे असू शकते, बाकीचे तर गावातच अडलेले आहे.

आता पुढचे पाऊल काय उचलावे? काही तरुणांचे म्हणणे आहे की कुलूप तोडून इमारत आपणच उघडावी आणि माध्यमांना बोलवावे.

वारणाकाठ (शिराळा तालुका, वकील)

कुलूप तोडू नका. बातमी एक दिवस चालेल आणि गुन्हा वर्षानुवर्षे चालेल.

तत्त्वाची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, वेळेवर वैद्यकीय उपचार न मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण हे राज्याला त्यासाठी निमित्त म्हणून सांगता येणार नाही. तो निर्णय तातडीच्या उपचारांसंबंधीचा होता. मधुमेहाच्या गोळीसाठी तो जसाच्या तसा लावता येईल, असे मी म्हणणार नाही. न्यायालयात जाणे हा शेवटचा मार्ग आहे आणि उपकेंद्राच्या एका मीटरसाठी तो कोणी धरू नये.

आपल्या हातातली गोष्ट आधी करावी. ग्रामपंचायतीने वीजजोडणीची अनामत स्वतःच्या निधीतून भरता येते का, हे पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्यावे. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून मांडला तर इतिवृत्तात एका ओळीत गुंडाळला जातो, म्हणून विषय आधी लेखी द्यावा. उपकेंद्र सुरू झाल्यावर त्याची जन आरोग्य समिती स्थापन होते. तिचे अध्यक्ष आपलेच सरपंच असतात, सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी (स्थानिक गरजेनुसार खर्च करता येणारा) त्या समितीच्या हाती असतो. किरकोळ औषधे, पाण्याची जोडणी, पडदे, रक्तदाबमापकाचे सेल यांसाठी तो आहे. सरपंचांना हे सांगा. कार्डापेक्षा ही खुर्ची त्यांच्या अधिक उपयोगाची आहे, हे त्यांच्या पटकन लक्षात येईल.

त्याच वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करावा, मात्र तिन्ही फायलींसाठी तीन वेगळे अर्ज करावेत. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा, अशी अट आहे. सगळे एकत्र लिहिले की अर्ज त्याच कारणाने परत येतो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. बांधकामाची माहिती जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, पदांची आणि ताब्याची माहिती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे मागावी. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज टाकू नये. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये त्यांच्याकडे असतात, उपकेंद्रे नव्हेत. सांगलीच्या सिव्हिलचा तर या विषयाशी संबंधच येत नाही, कारण ते वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे आणि २०२३ चा निःशुल्क उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. हा फरक माहीत नसल्यामुळे तिथल्या खिडकीवर रुग्णांचे नातेवाईक कर्मचाऱ्यांशी विनाकारण वाद घालताना मी पाहिले आहेत.

माणदेशी (माण तालुका, जि. सातारा)

वकीलसाहेबांचा सल्ला योग्य आहे, तथापि एक पूरक मुद्दा मांडतो. अर्ज, अपील आणि आयोग या वाटेने कागद मिळतो, माणूस मिळत नाही. पूर्वी जिल्हा परिषदेचा आपल्या गटाचा सदस्य आरोग्य समितीच्या बैठकीत उठून ‘माझ्या गटातल्या उपकेंद्राचे काय झाले’ असे विचारत असे आणि अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीपूर्वी काहीतरी हालचाल करावी लागत असे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. मोफत उपचारांची घोषणा, वित्त आयोगाचा निधी, आयुष्मान आरोग्य मंदिर हे नामांतर, सगळे याच काळात घडले, आणि याच काळात गावाच्या वतीने विचारणारे कोणी सभागृहात नव्हते. फायली अडण्यामागे हे कारण मला पदनिर्मितीइतकेच मोठे वाटते.

आणखी एक. राज्यात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचा उपक्रम काही जिल्ह्यांत चालला. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेचे गुणपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष उत्तरे द्यायची, अशी त्याची पद्धत होती. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होते, आपले दोन्ही जिल्हे नव्हते. शासनाची वाट न पाहता, त्याच धर्तीवर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालील सर्व गावांनी मिळून एक बैठक घ्यावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना आरोपी म्हणून न बोलावता माहिती देणारे म्हणून बोलवावे. तिथले डॉक्टर मनापासून तपासतात, असे आपणच लिहिले आहे. रिक्त पदांचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होत असणार.

पूर्वभागकर

ग्रामसभेसाठी विषय लेखी दिला आहे. सरपंचांनी अनामतीच्या रकमेची चौकशी स्वतः करतो, असे सांगितले. पदांविषयीच्या अर्जाचा मसुदा खाली देत आहे, कृपया नजरेखालून घालावा.

‘१) आमच्या गावच्या उपकेंद्रासाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास व कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला, त्याची प्रत मिळावी. २) सदर उपकेंद्रासाठी मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची माहिती मिळावी. ३) इमारत ताब्यात घेण्याविषयी आपल्या कार्यालयाने केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात. ४) उपकेंद्र अद्याप सुरू का करण्यात आले नाही, याचे कारण कळवावे.’

वारणाकाठ

पहिले दोन प्रश्न चांगले आहेत. तिसरा इमारतीच्या ताब्याचा असल्याने त्याचा स्वतंत्र अर्ज करावा. चौथा काढून टाकावा. ‘का’ असे विचारलेले माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा निर्णय आहे आणि त्याचा आधार घेऊन अर्ज हमखास फेटाळला जातो. त्याऐवजी ‘सदर उपकेंद्र सुरू करण्यासंबंधीच्या फाईलमधील सर्व टिपण्यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात’ असे लिहावे. फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, हे त्या टिपण्यांखालच्या सह्या आणि तारखांवरून आपोआप समजेल. प्रती २ रुपये पानाप्रमाणे मिळतात. टिपण्या हाती आल्यावर कोणाचे नाव न देता त्यांचा सारांश इथे टाकावा, म्हणजे पुढचे अपील कोणत्या मुद्द्यावर करायचे ते ठरवता येईल.